वाचक विचारतात: मित्र, डबा आणि मेनलिखनवरचा एक दिवस

मागच्या महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या आमच्या चालण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यावरच करतेय. सगळी घेता येत नाहीत, चार घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तो प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

प्रश्न (नाशिकहून): ताई, नमस्कार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण स्वित्झर्लंडला चाललोय. मी, मिस्टर, मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९ ची आणि सासूबाई ६८ च्या. माझी कॉलेजची मैत्रीण आणि तिचे मिस्टर बर्नला राहतात. त्यांना एकच शनिवार मोकळा आहे आणि तो पूर्ण दिवस आमच्यासोबत काढायचं ठरलंय. मैत्रीण म्हणते मेनलिखन डोंगरावरून चालत जाऊ, जेवण सोबत घेऊ. आमचे मिस्टर म्हणतात एवढ्या लांब जाऊन युंगफ्राउयोखचं ते बर्फातलं उंच रेल्वे स्टेशन न बघता यायचं का, दोन्ही एका दिवसात उरकू. सासूबाईंचे गुडघे दुखतात पण त्यांना खोलीवर ठेवून जायला मन होत नाही. काय करू?

उत्तर: दोन्ही नका करू. मैत्रिणीचं ऐका.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा अगदी तुमच्या मिस्टरांसारखाच विचार केला होता, की वर रेल्वे जातेच आहे तर जाऊन येऊ, आणि आमचे मित्र नवरा-बायको म्हणाले आम्ही बघितलंय, तुम्ही जाऊन या, आम्ही खाली क्लाइनं शाइडेग स्टेशनला थांबतो. युंगफ्राउयोख बघण्यासारखं आहे यात वादच नाही, ३,४५४ मीटरवर रेल्वे स्टेशन, १८९६ ला खोदायला सुरुवात केली आणि १९१२ ला गाडी वर पोचली, आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून बोगदा काढलाय. पण शाइडेगहून वर जायलाच पाऊण तास, वर फिरायला दोन तास लागतातच, परत यायचा वेळ वेगळा, आणि त्या उंचीवर माझ्या मुलीचं डोकं दुखायला लागलं, ती बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. खाली आलो तेव्हा जवळजवळ चार तास झाले होते. मित्र त्याच टेबलावर बसून होते, समोर रिकामे कप. अकरा वर्षांनी भेटलो होतो आम्ही, आणि त्या एका दिवसातले चार तास मी त्यांना नुसतं ताटकळत बसवून ठेवलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सांगते, युंगफ्राउयोखला तुम्ही पाचजण दुसऱ्या दिवशी जा, आकाश स्वच्छ असेल तो दिवस बघून जा. तिकीटही हलकं नाही, इंटरलाकेनहून पूर्ण दराने माणशी दोनशे फ्रँकच्या पुढे जातं, तेवढे पैसे घालून घाईघाईत कशाला बघायचं. शनिवार मैत्रिणीचा.

आता तो शनिवार कसा जाईल ते सांगते. बर्नहून आठच्या सुमाराची गाडी धरा, पाऊण-एक तासात इंटरलाकेन ओस्ट येतं. तिथून लाउटरब्रुनेनची गाडी वीसेक मिनिटांची, पण ही एकच गाडी पुढे दोन भागात तुटते, एक भाग ग्रिंडेलवाल्डला जातो आणि एक लाउटरब्रुनेनला, तेव्हा डब्यावरची पाटी बघूनच चढा, मुलं एका डब्यात आणि तुम्ही दुसऱ्यात असं करू नका. लाउटरब्रुनेनला उतरलात की समोरच श्टाउबाख धबधबा दिसतो, जवळजवळ ३०० मीटरची एकच धार, वाऱ्याने मध्येच पिंजल्यासारखी होते. तिथून दातेरी रुळांची गाडी वेंगेनला चढते, पंधरा मिनिटं. वेंगेन १,२७४ मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडं खालीच, गावात मोटारी नाहीत, त्यामुळे मुलांना जरा मोकळं सोडता येतं. आणि वेंगेनहून केबल कारने पाच-सहा मिनिटांत मेनलिखन, २,२०० मीटरच्या वर. कळसूबाई १,६४६ ची, म्हणजे कळसूबाईच्या कितीतरी वर तुम्ही साडेदहा-अकरापर्यंत पोचलेले असता आणि अजून एक पाऊल चाललेला नसता.

तिथून क्लाइनं शाइडेगपर्यंतची वाट, तिला तिकडे पॅनोरामावेग म्हणतात, साधारण साडेचार किलोमीटर. पाटीवर दीड तासाच्या आत दाखवतात, तुम्ही मुलं धरून अडीच तास धरा. वाट रुंद, खडीची, हलका उतार, आपल्याकडच्या ट्रेकसारखं हाताने धरून चढायचं कुठेही नाही. आणि पूर्ण वेळ समोर तीन डोंगर, आयगर ३,९६७ मीटर, म्योंख ४,११० आणि युंगफ्राउ ४,१५८. म्हणजे मिस्टरांना सांगा की युंगफ्राउ बघायचीच आहे ना, ती इथून जेवढी पूर्ण दिसते तेवढी तिच्या खांद्यावर उभं राहून दिसत नाही.

मुलांसाठी मेनलिखनला खेळायची मोठी जागा आहे, भली मोठी लाकडी गाय आहे तिथे, तिच्या पोटातून वर चढता येतं. नऊ वर्षांची मुलगी तिथे अर्धा तास तरी हलणार नाही, हलवूही नका, तेवढ्यात मोठ्यांचा चहा होतो.

सासूबाईंचं. त्यांना खोलीवर अजिबात ठेवू नका. केबल कारपर्यंत त्यांना काहीच त्रास नाही, वर स्टेशनलाच लागून बसायला हॉटेल आहे, बाकं आहेत, डोंगर समोर. तुम्ही चालायला लागलात की त्यांनी कुणाला तरी सोबत घेऊन त्याच केबल कारने परत वेंगेनला उतरायचं आणि वेंगेनहून गाडीने शाइडेगला यायचं, गाडीला अर्धा तास लागतो, म्हणजे तुम्ही चालत पोचायच्या आत त्या आरामात तिथे बसलेल्या असतील. तिकीट काढताना खिडकीवर हे सांगा, कारण त्यांचा रस्ता वेगळा पडतो. बीपीचा त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना एवढ्या उंचीचं विचारून घ्या. आणि सोबत कोण जाणार ते आदल्या रात्रीच ठरवा, वर गेल्यावर ठरवायला घेतलं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि म्हाताऱ्या माणसाला आपण ओझं झालोय असं वाटतं. आमच्या दुसऱ्या ट्रिपला माझ्या आईबरोबर मैत्रिणीचा नवरा गेला होता, तो स्वतःहून म्हणाला काकूंबरोबर मी जातो. त्या दोन तासांत आईने त्याला त्याच्या गेलेल्या वडिलांबद्दल विचारलं आणि तो बोलला, आम्ही इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. शाइडेगला पोचलो तर दोघं एका शालीत बसले होते, ऊन असूनही वारा गार होता.

चालतानाही तसंच होतं बघा. घरी सोफ्यावर समोरासमोर बसलं की मुलांच्या शाळा, नोकरी, व्हिसा यावरच गप्पा होतात. वाटेवर दोघं-दोघं शेजारी चालतात, नजर समोर डोंगराकडे असते, मधे कुणी थांबतं, जोड्या बदलतात, मग हळूच खरं काय ते निघतं. माझ्या मैत्रिणीने तिच्या नोकरी सोडण्याचं मला तिथे सांगितलं, फोनवर दोन वर्षं नव्हतं सांगितलं.

डब्याचं आता. आदल्या रात्री मैत्रिणीच्याच स्वयंपाकघरात दोघींनी मिळून करा, तो वेळही गप्पांचाच असतो. आम्ही दशम्या केल्या होत्या, दुधात भिजवलेल्या म्हणून मऊ राहतात, सोबत लसणाची सुकी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू. रस्सा, उसळ, भात असलं काही नको, बाकावर बसून मांडीवर खायचं आहे. वाटेच्या साधारण मध्यावर एक बाक धरून आम्ही बसलो, खाली ग्रिंडेलवाल्डचं खोरं, कुठूनतरी गाईंच्या गळ्यातल्या घंटा, आपल्या बैलांच्या घुंगरांपेक्षा जड आवाज, ठण्ण असा, आणि चटणीची पुरचुंडी सोडली तर वाऱ्याने अर्धी तीळ-खोबऱ्यासकट माझ्या मुलाच्या जॅकेटवर. तेव्हा चटणी आधी दशमीला आतून लावूनच गुंडाळी करून न्या. वेंगेन गावातून निघतानाच बाटल्या भरून घ्या, लाकडी कुंड असतं आणि वरून नळाची धार, ते पाणी पिण्याचं असतं, जिथे नाही तिथे 'काइन ट्रिंकवासर' असं लिहिलेलं असतं. शाइडेगला पोचल्यावर मग एक-दोन गरम पदार्थ मागवा आणि सगळे मिळून खा, पूर्ण जेवण पाच-सात जणांचं तिथे घेतलं तर बिल बघून पुढचा दिवस जड जातो.

दोन गोष्टी राहिल्या. एक, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाटेवर कुठे कुठे बर्फ उरलेला असू शकतो, आदल्या दिवशी रेल्वेच्या साइटवर वाट आणि केबल कार चालू आहे ना ते बघा, आणि सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघूनच तिकीट काढा, खाली लाउटरब्रुनेनला ऊन आणि वर सगळं ढगात असं खूप वेळा असतं. दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून चालणं सकाळी. सगळ्यांना विंडचीटर आणि एक लोकरीचं. दोन, स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेंगेनपर्यंत त्यातच येतं, त्याच्या वर सवलत मिळते, आणि मुलांचं फॅमिली कार्ड मागून घ्या, ६ ते १५ वयाची मुलं आईबाबांबरोबर त्यावर फुकट येतात, ते पासबरोबर पैसे न देता मिळतं पण मागावं लागतं.

घाई नका करू. जूनमध्ये तिकडे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो.

प्रश्न (ठाण्याहून): आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. फॉन्ड्यू, रोश्टी हे सगळं चीज-बटाट्याचं म्हणजे बिनधास्त खाता येईल ना? की वर डोंगरात आम्हाला फक्त चिप्सच?

उत्तर: बिनधास्त नाही, पण उपाशीही राहणार नाही.

चीजचं आधी, कारण हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ग्रुयेर, एमेंटाल ही पारंपरिक चीज करताना दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. फॉन्ड्यू म्हणजे वितळवलेलं चीज, पाव बुडवून खायचं, त्यात हमखास ग्रुयेर असतं, ग्रुयेर आणि फ्रिबूर्गचं वाशरँ चीज अर्धं-अर्धं ही तर सगळ्यात लाडकी जोडी. ज्यांना हे चालत नाही त्यांनी फॉन्ड्यू आणि राक्लेट, म्हणजे बटाट्यावर घालायचं वितळलेलं चीज, सोडूनच द्यावं, उगाच मन खात राहतं. शिवाय फॉन्ड्यूत व्हाइट वाइन घालतात आणि किर्श म्हणजे चेरीची दारू पण, मुलांसाठी बघत असाल तर विचारून घ्या. दुकानातून चीज घेताना 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलंय का बघा, किंवा पिवळ्या गोलात हिरव्या पानाचं व्ही असलेलं चिन्ह शोधा, ते शाकाहारी.

रोश्टी चालेल. किसलेला बटाटा, लोण्यावर तव्यात थापून दोन्हीकडून खरपूस, आपल्या उपवासाच्या थालीपिठाची आठवण येते. पण वर अंडं फोडतात किंवा बेकनचे तुकडे टाकतात, म्हणून मागवतानाच 'ओनं श्पेक, ओनं आय' म्हणा, बेकन नको, अंडं नको. वीस-पंचवीस फ्रँकला एक येते आणि एकीत दोघांचं होतं. आल्पलरमाग्रोनेन म्हणून एक प्रकार आहे, मॅकरोनी, बटाटा, साय, चीज, वर तळलेला कांदा आणि बाजूला वाटीत सफरचंदाचा गोड लगदा, मुलांना फार आवडतो, तोही बेकनशिवाय सांगावा लागतो आणि चीजचा प्रश्न त्यातही आहेच.

पाव घ्याल तर लक्ष ठेवा, शनिवार-रविवारी बेकरीत वेणीसारखा गुंफलेला त्सोप्फ असतो, आतून लोणी-दुधाचा, कापसासारखा, पण त्याची ती चकाकी अंड्याच्या बलकाची असते. माझ्या आईला अंडं चालतं, तिने तो चहात बुडवून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'तो वेणीचा पाव संपला का' म्हणून विचारत होती. तुम्ही मात्र साधा गव्हाचा पाव घ्या, लोणी-जॅम लावा, सोबत जर्दाळू-चेरी घ्या, जून-जुलैमध्ये चेरी फार छान मिळतात. आणि रविवारी गावातली बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली सोडून, तेव्हा डोंगरात रविवारी जाणार असाल तर शनिवारीच सामान भरा.

प्रश्न (कोल्हापूरहून): ताई, मी दर महिन्याला सह्याद्रीत असतो, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय. घरच्यांबरोबर तिकडे येतोय, पॅनोरामावेग म्हणजे बागेतलं फिरणं वाटतंय व्हिडिओत. मला एक दिवस सुटका करून कुठे जाऊ?

उत्तर: आयगर ट्रेल कर. आयगरग्लेचर स्टेशनपासून, २,३२० मीटर, खाली आल्पिगलेनपर्यंत, १,६१६ मीटर, सहा किलोमीटर आणि दोन-अडीच तास. म्हणजे जिथे तू संपवशील ती जागा साधारण आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढी. वाट आयगरच्या उत्तर कड्याच्या अगदी पायथ्याने जाते, मान मागे टाकून बघावं लागतं. हाच तो कडा जो चढायला किती जणांनी जीव गमावला आणि शेवटी १९३८ च्या जुलैत हेकमायर, फ्योर्ग, हारर आणि कास्पारेक या चौघांनी सर केला. तिथे उभं राहून वर बघ, दगडातून पाणी ठिबकत असतं आणि मधूनच बारीक दगड सुटल्याचा आवाज येतो.

पण नळीची वाट केली म्हणून हलक्यात घेऊ नकोस. आपल्याला पावसाचा निसरडा माहीत असतो, बर्फाचा नसतो. जून अखेरपर्यंत त्या वाटेवर बर्फाचे पट्टे असू शकतात, वाट उघडल्याची खात्री करूनच जा. तिकडच्या खुणा शिकून घे, पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, बूट नीट पाहिजेत, आयगर ट्रेल यातली आहे, आणि पांढरा-निळा-पांढरा दिसला तर तू परत फीर, ती दोर आणि अनुभववाल्यांची. पाटीवर अंतर नसतं, वेळ असते, आणि ती थांबे न धरता दिलेली असते. कुरणातून जाताना फाटक उघडलंस तर लावून घे, वासरू असलेल्या गाईच्या जवळ जाऊ नकोस, आपल्या गाईंसारखं पाठीवर हात फिरवायचा मोह होतो पण त्या वासरासाठी अंगावर येतात. ११२ नंबर आहेच, हेलिकॉप्टर बचाव पथकाचा १४१४, दोन्ही फोनमध्ये ठेव.

आणि घरच्यांबरोबरचा दिवस मोडून हे करू नकोस. ग्रिंडेलवाल्डच्या टर्मिनलवरून केबल कारने पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर येतं, २०२० च्या डिसेंबरपासून चालू आहे ती, सकाळी लवकर निघालास तर दुपारच्या जेवणाला तू त्यांच्यात असशील. आल्पिगलेनहून गाडी मिळतेच.

प्रश्न (पुण्याहून): चार दिवस मित्राच्या घरी झुरिकला राहणार आहोत. नेऊ काय, आणि खर्चाचं कसं? विचारायला संकोच वाटतो.

उत्तर: खर्चाचं पहिल्याच संध्याकाळी बोलून टाका, चहा पिताना, की तिकिटं आमची आम्ही काढणार आणि भाजी-किराणा या चार दिवसांचा आमचा. मित्र नाही नाही म्हणेल, तरी दुसऱ्या दिवशी दुकानात त्याच्याबरोबर जा आणि पिशवी तुम्ही भरा. घरकाम करायला तिकडे बाई नसते, भांडी, झाडू, चादरी सगळं त्या दोघांनाच, तेव्हा पाहुण्यांनी उठून हात लावायचा. रविवारी तिकडे शांतता पाळतात, व्हॅक्यूम लावणं, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायला जाणं हे सुद्धा त्या दिवशी करत नाहीत, मुलांना जिन्यात पळू देऊ नका.

न्यायचं म्हणाल तर दुधातुपाचं आणि मांसमच्छीचं भारतातून न्यायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा, सुकट हे बॅगेत भरू नका. आंब्याची पेटी पण नको, जूनमध्ये जाताय म्हणून मुद्दाम सांगतेय, ताज्या फळ-भाजीला तिथे प्रमाणपत्र लागतं, विमानतळावर काढून घेतात आणि टाकून देतात, जीव तुटतो बघताना. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भडंग, थालीपिठाची भाजणी हे न्या. भाजणी जास्त न्या. माझ्या मैत्रिणीच्या घरी दोन किलो नेली होती, पोचलो त्याच रात्री तिने पिशवी फोडून नाक आत घातलं आणि तशीच उभी राहिली, आणि साडेअकराला आम्ही सगळे जेवलेले असून थालीपीठ खात होतो, तिकडच्या घट्ट दह्याबरोबर.